वेगळं घर नावाचं बटण

तिहोमिरला त्याच्या आयुष्यात स्वतःची एकही चूक कधी सापडली नाही. दुसऱ्यांच्या मात्र तो झोपेतसुद्धा काढायचा. आणि तिहोमिरच्या चुका शोधणं हे माझं काम होतं, त्याचाच मला पगार मिळायचा. म्हणजे आमचं किती सख्य होतं ते आलं लक्षात.

सर्बियातल्या वाल्येवो गावात, बाजारामागे, खिळे-कुलपांच्या दुकानावर आमची कंपनी आहे. कंपनी म्हणजे तीन खोल्या आणि एक साहेब, जे बहुतेक वेळ बेलग्रेडलाच असतात. प्रोग्रॅम लिहायला दोघं, तिहोमिर आणि वुकान. त्यांनी लिहायचं आणि मी, झोर्काने, ते मोडतंय का बघायचं. मोडलं की मी चिठ्ठी पाठवायची. तिहोमिरचं उत्तर ठरलेलं असायचं: "ही चूक नाही. ते तसंच करायचं होतं."

तिहोमिर पंचावन्नचा, सी प्लस प्लसवर वाढलेला. वुकान सव्वीसचा, त्याने जावाखेरीज दुसरं काही पाहिलेलं नाही. प्रोग्रॅम लिहायच्या या दोन्ही भाषांत क्लास असतो आणि क्लासमधून ऑब्जेक्ट निघतात. क्लास म्हणजे साचा आणि ऑब्जेक्ट म्हणजे त्या साच्यातून काढलेली वस्तू, एवढं कळलं तरी पुरे. मलाही त्यापलीकडे फारसं कळत नाही आणि त्यावाचून माझं काही अडलेलं नाही.

पण भाषा माणसाच्या अंगात मुरते, हे मी या दोघांच्या कॉफीच्या कपांवरून सांगू शकते. जुन्या भाषेत वापरून झालेली वस्तू ज्याची त्याने टाकायची असते. नव्या भाषेत आपण काहीही कुठेही सोडून द्यावं, मागून झाडूवाला येऊन उचलतो. त्यामुळे वुकानच्या टेबलावर आठवड्याभराचे कप वाळत पडलेले, आणि तिहोमिर समोरच्याची कॉफी अर्धी असतानाच कप उचलून विसळून ठेवणार. माझा किती वेळा उचललाय. मी हात पुढे करते तर तिथे कप नाही. त्याच्या प्रोग्रॅमचंही असंच व्हायचं. कोणी वापरतंय का न बघता वस्तू फेकून दिलेली असायची, आणि प्रोग्रॅम रिकाम्या जागेला ओठ लावून कोसळायचा.

त्या दोघांचं खरं वाजायचं ते बरोबरच्या चिन्हावरून. तिहोमिरच्या भाषेत 'हे बरोबर ते' असं लिहिलं की पहिल्यासारखीच दुसरी वस्तू तयार होते. हुबेहूब, पण वेगळी. वुकानच्या भाषेत तेच लिहिलं की वस्तू एकच राहते, तिला फक्त आणखी एक नाव मिळतं. गल्लीतल्या एका कुत्र्याला दोन घरांनी दोन नावं ठेवावीत तसं. एका घराने त्याला आंघोळ घातली की दुसऱ्या घरचा कुत्राही धुतलेला.

"यात काय अर्थ आहे?" तिहोमिर म्हणायचा. "बरोबर म्हटलं की दोन व्हायला नकोत?"

"काका, तुम्ही माझ्याकडे बोट दाखवून 'हा वुकान' म्हणालात, तर लगेच दुसरा वुकान तयार होतो का?"

"देव न करो."

गेल्या वर्षी पर्सिदाबाईंनी त्यांच्या बेकरीचा प्रोग्रॅम नव्याने करून मागितला. पर्सिदाबाईंची बेकरी म्हणजे वाल्येवोचा अर्धा संसार. आमच्याकडे प्रत्येक कुळाचा एक संत असतो आणि त्या संताचा दिवस म्हणजे त्या घरची स्लावा. ती बापाकडून मुलाकडे येते. त्या दिवशी टेबलावर मेणबत्ती, शिजवलेले गहू, वाइन आणि कोलाच हवाच. कोलाच म्हणजे गोल फुगलेला पाव, वर कणकेचा क्रूस आणि कणकेचीच पाखरं. पूर्वी घरोघरी बायका करायच्या, आता निम्म्या पर्सिदाबाईंना फोन करतात. जुना प्रोग्रॅम तिहोमिरने सी प्लस प्लसमध्ये लिहिला होता आणि तो भट्टीशेजारच्या, पिठाने पांढऱ्या झालेल्या कॉम्प्युटरवर इमानाने चालत होता. पण लोकांना आता फोनवरून ऑर्डर द्यायची होती. साहेबांनी बेलग्रेडहून कळवलं की नवा प्रोग्रॅम जावात करा, तिहोमिरने आपलं जुनं सगळं त्यात उतरवावं आणि अडेल तिथे वुकानला विचारावं.

तिहोमिरने वुकानला काही म्हणजे काही विचारलं नाही.

पहिल्याच बैठकीत पर्सिदाबाईंनी घोटाळा घातला. "माझे काही घरजावई आहेत. त्यांची स्वतःची स्लावा असते आणि सासऱ्याच्या घराचीही त्यांनाच करावी लागते. त्यांना दोन संत हवेत."

"सोपं आहे," तिहोमिर म्हणाला. "आमच्या भाषेत एका क्लासला दोन बाप असू शकतात."

"जावात एकच बाप," वुकान म्हणाला. "बाकीच्यांना नुसता शब्द द्यायचा, की तुमचंही सगळं करीन म्हणून."

पर्सिदाबाईंनी लगेच निकाल दिला. "मग जावाच घ्या. माझ्या जावयाचं अगदी असंच आहे. शब्द दिलाय, करत काही नाही."

आणि शेवटी त्यांनी ते बटण मागितलं. मुलगा किंवा भाऊ वेगळा झाला, की त्याच्यासाठी सगळं पुन्हा पहिल्यापासून भरायचा त्यांना कंटाळा यायचा. संत तोच, उपास तोच, पाखरंही तेवढीच. "एक बटण द्या. जुन्या घरावरून नवं घर करा. मी फक्त नाव आणि पत्ता बदलीन."

तिहोमिरने ते बटण डिसेंबरातल्या एका शुक्रवारी संध्याकाळी लिहिलं, त्यावर 'वेगळं घर' असं नाव घातलं आणि मला न दाखवता थेट बेकरीत चालू करून दिलं. सोमवारी मला कळलं तेव्हा माझं डोकंच फिरलं.

"मला का नाही दाखवलंस?"

"एका ओळीत काय तपासणार आहेस? जुन्यावरून नवं केलं, नवं उघडून बघितलं, नाव बरोबर, पत्ता बरोबर. झालं."

"आणि जुनं उघडून बघितलंस?"

"जुन्याला काय धाड भरलीय? त्याला मी हातही लावलेला नाही."

मी चिठ्ठी लिहायला घेतली, पण त्या आठवड्यात तिहोमिरशी भांडायची सोय नव्हती. शनिवारी संत निकोला. वाल्येवोत गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत निकोलाचीच घरं, आणि तिहोमिरचंही त्यातलंच. यंदा त्याच्या मुलीचं, येफिमियाचं, लग्न ठरलेलं, आणि उजित्साहून व्याही-विहीण पहिल्यांदाच घरी यायचे होते, तेही नेमके स्लावाला. मुलीचं माहेर कसं आहे हे लोक आमच्याकडे त्या दिवशीच्या टेबलावरून ओळखतात. त्यात त्याची बायको मिलुंका बर्फावरून घसरून पडली आणि तिचा उजवा हात प्लास्टरमध्ये गेला. म्हणून तिच्या संसारात पहिल्यांदाच कोलाच बाहेरून येणार होता. तिहोमिर आठवडाभर मला न टोचता वावरत होता, यावरूनच मी ओळखलं की बिचाऱ्याची पाचावर धारण बसली आहे.

त्याला आणखी एक भीती होती, ती तो बोलून दाखवत नव्हता, पण गावाला ठाऊक होती. व्याह्यांनी धाकट्या भावाबद्दल विचारलं तर?

हा धाकटा राडोये आणि तिहोमिर चार वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. कारण विचाराल तर आलुबुखारांची दारू गाळायचा तांब्याचा हंडा. बापाच्या मागे सगळ्याची वाटणी झाली, हंडा एकच होता, तो कापता येईना. मग दोघांचा म्हणून ठेवला. राडोयेने तो न विचारता मित्राला दिला, मित्राने तळ जाळून परत केला. तिहोमिर बोलू नये ते बोलला, राडोये बायकोला घेऊन ग्रादात्स नदीपलीकडे राहायला गेला.

इथपर्यंत कोणत्याही घरात होतं तसंच. पण भाऊ वेगळा झाला की त्या वर्षीच्या स्लावाला थोरल्याने कापलेल्या कोलाचचा चतकोर त्याच्या हातात द्यायचा असतो. तो चतकोर घरी नेला की त्याच्या घरची स्लावा सुरू होते. राडोये त्या वर्षी फाटकापर्यंत आला होता. तिहोमिरने खिडकीतून बघितलं आणि पडदा ओढला. चतकोर मिळाला नाही म्हणून राडोयेने त्यानंतर आपल्या घरी निकोलाला नुसती मेणबत्ती लावली, कोलाच कधी कापला नाही. हे मला राडोयेच्या बायकोने बाजारात सांगितलं होतं. मला तिहोमिरचा राग बरोबरच्या चिन्हावरून कधी आला नाही इतका त्या पडद्यावरून आला होता.

शनिवारी सकाळी मी आणि वुकान ऑफिसात होतो. आमचे संत वेगळे, त्यामुळे सुट्टी तिहोमिरला आणि काम आम्हाला. मी कोट काढत होते तोच पर्सिदाबाईंचा फोन आला.

"झोर्का, माझ्या दारात म्हातारे जमलेत."

"कसले म्हातारे?"

"बाप गं, बाप. एकालाही कोलाच पोचला नाही. आणि त्यांच्या पोरांच्या घरी दोन-दोन पोचलेत. हे धर बाई, हे बोलतायत."

फोनवर एक खरखरीत आवाज आला. "मुलगा म्हणतो, बाबा, तुम्हीच इकडे या, दोन आहेत. मी काय मेलोय का, त्याच्या घरी स्लावाला जायला? तुमच्या मशीनला सांगा, अजून जिवंत आहे मी."

मागून दुसरा कोणी म्हणाला, "माझं तर त्याने नावच बदललंय. पाकिटावर जावयाचं नाव." आणि तिसरा म्हणाला की त्याला कोलाच नको, फक्त हे कोणी केलं त्याचा पत्ता हवाय.

बाप एकही नाही, मुलं दोनदा. मी एवढंच वुकानला सांगितलं. त्याने ती ओळ उघडली, बघितली, आणि कपाळ टेबलावर टेकून हसायला लागला. हसता हसता एक वाळलेला कप खाली पडला.

"मावशी, ही सी प्लस प्लसची ओळ आहे. जावाचे कपडे घालून आलीय. नवं घर बरोबर जुनं घर. काकांना वाटलं दोन झाली. घर एकच, त्याला नावं दोन. मग पर्सिदाबाईंनी नव्याचं नाव बदललं की जुन्याचंही बदललं. पत्ताही." त्याने डोळे पुसले. "आठवडाभर त्यांनी हे बटण दाबलंय. गावातले सगळे बाप आपापल्या मुलांच्या घरी राहायला गेलेत."

"आज त्यांनी खायचं काय?"

"ते माझ्या हातात नाही. मी फक्त बाप परत आणू शकतो."

तो बाप परत आणायला बसला आणि मी पर्सिदाबाईंना धीर द्यायला. त्यांच्या भट्ट्या ठासून भरलेल्या, नवे कोलाच संध्याकाळच्या आत निघणार नव्हते. तेवढ्यात तिहोमिरचा फोन आला. आवाज अगदी गोड. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

"झोर्का, पर्सिदाबाई फोन उचलत नाहीत. आमचा कोलाच आला नाही अजून."

मी खरंच सांगते, मला हसू आलं. मग मी त्याचं घर प्रोग्रॅममध्ये उघडलं आणि ते हसू गेलं. तिहोमिरच्या जागी नाव होतं राडोये. पत्ता नदीपलीकडचा. पर्सिदाबाईंना विचारलं तेव्हा कळलं, राडोयेला उन्हाळ्यात मुलगा झाला होता. बायको हट्टाला पेटली की पोराच्या पहिल्या वर्षी घरात कोलाच हवा, वाटा मिळो न मिळो. म्हणून त्याने यंदा पहिल्यांदाच ऑर्डर दिली. पर्सिदाबाईंनी आडनाव बघितलं, तिहोमिरचं घर काढलं आणि बटण दाबलं.

मी तिहोमिरला हे सगळं सांगितलं.

"शक्य नाही," तो म्हणाला. "बरोबर लिहिलं की दोन होतात."

"झाले ना दोन. दोन्ही राडोयेकडे."

थोड्या वेळाने त्याची गाडी खाली उभी होती. स्लावाचा काळा सूट, गळ्याला आवळलेला टाय, चेहरा पांढरा. व्याही दुपारी येणार, त्यानंतर प्रोकोपिये पाद्री प्रार्थनेला येणार, आणि टेबलावर कोलाच नाही. मिलुंका डाव्या हाताने पीठ मळायला बसली आणि रडायला लागली, असं त्याने सांगितलं.

"तू चल माझ्याबरोबर. मी त्याच्या दारात एकटा नाही जाणार. तू बोल. कंपनीकडून आलोय म्हण, बेकरीची चूक झाली, एक कोलाच परत न्यायचाय."

"बेकरीची चूक?"

"झोर्का, आज नको."

म्हणून मी नको म्हटलं नाही, गाडीत बसले. नदी ओलांडेपर्यंत मनात वाक्य घोळवत होते: नमस्कार, आम्ही कंपनीकडून आलो आहोत.

राडोयेच्या घराचं दार उघडंच होतं. स्लावाला कोणी कोणाला बोलावत नाही, ज्याला यायचं तो येतो, आणि आलेल्याला कोणी परत धाडत नाही. तरी तिहोमिर पायरीवरच थबकला. आतून धूपाचा वास येत होता आणि प्रोकोपिये पाद्रींचा भरदार आवाज. ते दिवसभर घरं फिरतात आणि प्रत्येक घरी थोडी घेतात, त्यामुळे दुपारपर्यंत आवाज चांगलाच मोकळा झालेला असतो.

राडोये बाहेर आला. पांढराशुभ्र शर्ट, कडेवर गुटगुटीत पोर. त्याने भावाला बघितलं आणि पोर माझ्या हातात दिलं, जसं काही मी त्याचसाठी आले होते.

"दादा," तो म्हणाला.

मी तोंड उघडलं. "नमस्कार, आम्ही कंपनी..."

"सकाळी दोन आले," राडोये भावालाच म्हणाला, माझ्याकडे त्याचं लक्षच नव्हतं. "एक मी सांगितलेला. दुसरा बघितला आणि मी तिथेच खाली बसलो. ही म्हणाली, बेकरीची चूक असेल, परत करून टाक. मी म्हटलं, तुला आमच्या दादाचं माहीत नाही. तो तोंडाने बोलणार नाही, पण पाठवेल."

दारातून टेबल दिसत होतं. एक कोलाच कडेला होता. दुसरा मधोमध, मेणबत्तीच्या शेजारी, खाली भरतकाम केलेला रुमाल. तिहोमिरचा कोलाच, पाखरांसकट.

मी तिहोमिरकडे बघितलं. त्याचे कान लाल झाले होते. आता तो खरं बोलेल असं मला वाटलं, कारण घरी बायको रडत होती, व्याही वाटेवर होते, आणि एका वाक्याचं काम होतं. ते वाक्य मी बोलले असते तरी चाललं असतं. पण पोराने माझ्या कोटाचं बटण तोंडात घातलं होतं आणि मी ते सोडवत राहिले.

"हो," तिहोमिर म्हणाला. "मीच पाठवला."

"चूक नव्हती ना?"

"चूक नाही. ते तसंच करायचं होतं."

हे वाक्य मी त्याच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलंय की मला त्याचा तिटकारा आला होता. त्या दिवशी पहिल्यांदा मला त्याच्यावर चिठ्ठी लिहावीशी वाटली नाही.

राडोयेने त्याला मिठी मारली. तिहोमिर आधी खांबासारखा उभा राहिला आणि मग त्याने हात वर घेतले. हे सगळं ठीक होतं, पण मला राहून राहून मिलुंका दिसत होती. आम्ही आलो होतो कोलाच न्यायला, आणि हा देऊन बसला होता.

आतून प्रोकोपिये पाद्री बाहेर आले. "कोण, तिहोमिर? अरे, मिलुंकाचा मघाशी फोन आला होता मला. म्हणाली, पाद्रीबाबा, थोडं उशिरा या, घरात कोलाच नाही."

राडोये मागे सरकला. "कोलाच नाही? म्हणजे घरातला एकुलता एक मला पाठवलास?"

तिहोमिरने माझ्याकडे बघितलं. त्याच्या नजरेत एवढी लाज मी कधी पाहिली नव्हती. खोटं एकदा बोललं की ते आपोआप मोठं होतं, आणि हे तर इतकं मोठं झालं होतं की त्यात तो आता संतच दिसायला लागला होता.

"जाऊ दे," तो पुटपुटला.

"जाऊ दे काय?" पाद्री म्हणाले. "जन्मभर कवडी न सोडणारा माणूस, आणि भावाला अख्खा कोलाच? अरे, वाटा चतकोर असतो. अख्खा देऊन तू घरी काय कापणार, खुर्ची? या दोघेही इकडे."

त्यांनी दोघा भावांना टेबलापाशी उभं केलं. कोलाच उलटा करून क्रूस कापला, वर वाइन ओतली, आणि तिघांनी मिळून तो हातांवर गोल फिरवला. थोडी वाइन तिहोमिरच्या सूटवर सांडली. मग पाद्रींनी चतकोर तोडून तिहोमिरच्या हातात दिला आणि वाट बघत राहिले. तिहोमिरने तो भावाच्या हातात ठेवला. राडोयेची बायको ॲप्रनला नाक पुसत होती, आणि खरं सांगायचं तर मीही.

परत येताना गाडीत मागच्या सीटवर पाद्री, त्यांच्या मांडीवर रुमालात पाऊण कोलाच. पुलावर तिहोमिरचा फोन वाजला. वुकान होता, आणि त्याचा आवाज गाडीभर ऐकू येत होता.

"काका, बाप सगळे परत आलेत. आता नवं घर खरंच वेगळं बनवतो, एकेक गोष्ट उचलून, संत, पत्ता, पाखरं, सगळं. पण ती ओळ तुमची होती हं. बरोबरच्या चिन्हाची."

"हो," तिहोमिर म्हणाला.

"हो म्हणजे?"

"म्हणजे चूक माझी. तू केलंयस ते ठीक आहे."

मग वुकान हळूच म्हणाला, "मावशी, काकांची तब्येत बरी आहे ना?"

तिहोमिरच्या घरी व्याही आमच्या आधीच येऊन बसले होते. ओब्राद म्हणजे दाराएवढा उंच माणूस, रेल्वेतून निवृत्त झालेला, आणि उजित्साचा असल्यामुळे जीभ तिखट. शेजारी विहीणबाई, पाठ ताठ, नजर प्रत्येक थाळीवरून फिरणारी. मासे होते, ते आमच्या उपासाला चालतात, कोबीच्या पानात भात गुंडाळलेली सार्मा होती, खुसखुशीत काही गोड प्रकार येफिमियाने केला होता. मध्ये एक मोकळी जागा होती आणि ती जागा सगळ्यांनी बघितलेली होती. मिलुंका प्लास्टरचा हात पोटाशी धरून उभी होती. तिहोमिरने रुमाल सोडला आणि पाऊण कोलाच त्या जागेवर ठेवला.

ओब्रादने मान तिरपी केली. "व्याही, याचा चतकोर रस्त्यात कोणी खाल्ला? पाद्रीबाबांकडे बघून तसं वाटतंय."

पाद्री हसले. तिहोमिर हसला नाही. आमच्याकडे यजमान स्लावाच्या दिवशी बसत नाही, उभाच राहून वाढतो, आणि तो तसाच खुर्चीच्या पाठीला धरून उभा होता.

"माझा धाकटा भाऊ आहे," तो म्हणाला. "राडोये. वेगळा झालाय. तो त्याचा वाटा."

मिलुंकाने त्याच्याकडे वळून बघितलं. त्या घरात चार वर्षांत ते नाव कोणी काढलं नव्हतं.

"आज दिला?" ओब्रादने विचारलं.

"आज दिला. चार वर्षांपूर्वी द्यायला हवा होता."

विहीणबाईंची पाठ थोडी सैल झाली. त्यांनी वाढलेला मासा अजून तोंडात घातला नव्हता, आता घातला.

"म्हणजे आज त्याच्या घरची पहिली स्लावा," ओब्राद म्हणाला. "आणि तिथे कोण आहे?"

"कोण असणार? बायको आहे, पोर आहे. त्याच्याकडे कोणी येत नाही, लोकांना माहीत आहे ना, की वाटा मिळाला नव्हता."

"पहिल्या स्लावाला घर रिकामं?" ओब्रादने नॅपकिन टेबलावर टाकला. "तुझा मासा उत्तम आहे, तो रात्रीपर्यंत पळून जात नाही. सगळे उठा. येफिमिया, रस्ता दाखव."

"मला घर सोडता येत नाही," तिहोमिर म्हणाला. "यजमान आहे मी."

"तुला कोण सोडायला सांगतंय? तू उभा राहा. आम्ही जातो."

आणि खरोखर सगळे उठले. व्याही, विहीण, येफिमिया आणि तिचा नवरदेव, शेजारचे दोघं-तिघं, सगळ्यांनी कोट चढवले. मिलुंकाने डाव्या हाताने गोड पदार्थाचं ताट येफिमियाकडे दिलं. पाद्री म्हणाले की ते आत्ताच तिथून आलेत, पण इतके लोक चाललेत तर पुन्हा गेलेलं बरं. तिहोमिर एकेकाला दारापर्यंत सोडत होता, आपल्याच पाहुण्यांना, आपल्या भावाच्या घरी. घर रिकामं झालं तेव्हा टेबलावर पाऊण कोलाच, अर्धे खाल्लेले मासे, आणि शेजारी उभा तो.

मी भांडी उचलायला मिलुंकाला मदत करणार होते. त्याने माझा कोट खुंटीवरून काढला आणि माझ्यासमोर धरला.

"झोर्का, तूही जा."

"मी मघाशीच जाऊन आले."

"पुन्हा जा. तो काय बोलतो, कसा दिसतो, हसतो का, ते बघ. आणि परत आल्यावर मला सगळं सांग." त्याने कोटाची बाही माझ्या हाताशी आणली. "जे जे चुकलं असेल तेही सांग. काही गाळू नकोस."

मी कोट घातला आणि त्यांच्या मागे निघाले.